वाचकांचे प्रश्न : कार्ब्युरेटर हीटरच्या नळ्या

प्रश्न : थंड, दमट हवेत माझ्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गोठतो. तो गरम ठेवणाऱ्या हीटरसाठी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळ्या कशा न्याव्यात?

उत्तर : पेट्रोलचे बाष्पीभवन होताना कार्ब्युरेटर इतका गार पडतो की, बाहेरचे तापमान 0 अंशाच्या वर असतानाही हवेतील बाष्पाचा आत बर्फ धरतो. म्हणून गरम कूलंट सिलिंडर हेडमधून घ्यावे आणि कार्ब्युरेटरच्या हीटरमधून फिरवून पंपाच्या शोषण बाजूस, म्हणजे रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये सोडावे. दोन्ही टोके समान दाबाच्या ठिकाणी जोडली, तर प्रवाहच होत नाही, आणि ही चूक सहज घडते. नळ्या एक्झॉस्टपासून दूर असाव्यात. त्यांची वर कमान होऊ देऊ नये, तेथे हवा अडकते. बंद करता येणारी तोटी मात्र अवश्य बसवा, असा माझा आग्रह आहे, कारण उन्हाळ्यात तापलेल्या कार्ब्युरेटरमधून विरळ हवा जाऊन इंजिनाची ताकद घटते.