बुडी मारलेली कासवं कशी मोजता?

प्रश्न : आमच्या गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी मोजतात, ते समजतं. तुम्ही अमेरिकेत विमानातून देवमासे, डॉल्फिन, कासवं मोजता म्हणे. मग बुडी मारलेल्यांचं काय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! आमचं ट्विन ऑटर विमान साधारण ६०० फुटांवरून, आधीच आखलेल्या सरळ रेषांवर उडतं. खिडकीची काच बाहेर फुगलेली. तिच्यात डोकं घातलं की थेट खालचं पाणी दिसतं. प्राणी बरोबर बाजूला आला की कोन मोजायचा. क्षितिजाखाली ४५ अंश असेल, तर तो रेषेपासून ६०० फुटांवर. जितकं लांब, तितके जास्त नजरेतून सुटतात. ही अंतरं हाती असली की सुटलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

पाण्याखालच्यांसाठी मात्र वेगळा उपाय. काही कासवांच्या पाठीवर टॅग, म्हणजे नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावून ती किती वेळ वर असतात ते पाहतात आणि त्या प्रमाणात आकडा वाढवतात. हा वेळ ऋतूनुसार बदलतो, म्हणून हे काम सर्वांत नाजूक. लॉगरहेड कासवाची तांबूस पाठ मला जेमतेम दोन-तीन सेकंद दिसते. लाटा फेसाळल्या तर तेवढीही नाही. अशा दिवशी आम्ही उडतच नाही.

राइट व्हेल जातीचा देवमासा दिसला तर रेषा सोडून घिरट्या घालतो, फोटो काढतो. डोक्यावरच्या पांढुरक्या खरखरीत चट्ट्यांवरून प्रत्येक जण ओळखता येतो. उत्तर अटलांटिकमध्ये ते ४०० हूनही कमी उरलेत. गेल्या हिवाळ्यात फ्लोरिडाजवळ आईला खेटून पोहणारं पिल्लू दिसलं, तेव्हा कॅमेरा धरलेले माझे हात थरथरत होते.