बुद्ध्यांक ठीक आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. तोंडी सगळं सांगतो, पण वाचताना अडखळतो आणि फळ्यावरचं लिहून घेणं अर्धवट राहतं. तपासणीत बुद्ध्यांक ९६ आला. 'नॉर्मल आहे, आळस करतो,' असं सांगण्यात आलं. पुन्हा तपासणी करावी का?

उत्तर : आधी अहवालाचं पुढचं पान उघडा. तिथे भाषिक आकलन, तर्क, कार्यकारी स्मृती (ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं), काम करण्याचा वेग यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. सरासरी १०० धरलेली असते. समजा, भाषिक आकलन ११८ आणि वेग ७८ आहे. म्हणजे शंभर समवयस्कांत बोलण्या-समजण्यात तो साधारण ८८ जणांच्या पुढे आणि वेगात जेमतेम सात जणांच्या. एकत्रित आकडा मधोमध येतो आणि अडचण त्यात बुजून जाते. याला आळस म्हणणं मुलावर अन्याय आहे.

शिवाय बुद्ध्यांक म्हणजे अर्धीच तपासणी. वाचन-लेखनाच्या चाचण्या झाल्या का, ते विचारा. त्यात 'टमिळू'सारखे निरर्थक शब्द वाचायला दिले होते का? 'कमळ' हा शब्द मूल नुसत्या सवयीनं ओळखतं. 'टमिळू' मात्र अक्षर-अक्षर फोडूनच वाचावा लागतो, आणि वाचनातला दोष तिथेच उघडा पडतो. घड्याळ लावून उतारा वाचणं, श्रुतलेखन आणि मनानं चार ओळी लिहिणं हेही हवं, तेही तो ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत. हे राहिलं असेल तर आताच करून घ्या. बुद्ध्यांकाची तीच चाचणी मात्र वर्षभर तरी नको. ओळखीच्या प्रश्नांमुळे गुण फुगतात.

त्याआधी डोळे आणि कान तपासा. वारंवारच्या सर्दीनं कानात द्रव साठला की ऐकणं कमी-जास्त होतं, आणि घरी ते पटकन लक्षात येत नाही. तपासणीला जाताना खाडाखोड केलेल्या वह्या न्या. नीट उतरवून काढलेल्या वह्यांतून काहीच कळत नाही. चाचणी सकाळी, झोप झालेली असताना, दोन बैठकींत घ्यायला सांगा. घरी सराव घेऊ नका.

अहवालात नुसतं 'सराव वाढवावा' असेल तर परत जाऊन लेखी मागा : परीक्षेत किती जादा वेळ, फळ्याऐवजी छापील टिपणं मिळणार का, वाचनाची खास शिकवणी आठवड्यातून किती वेळा.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. अशा तपासणीला आता उशीर झाला का?

उत्तर : नाही. तिच्यासाठी प्रौढांच्या चाचण्या आहेत. या वयात वाचनातल्या चुका बऱ्याचदा कमी झालेल्या असतात, पण वेग मंदच राहतो. म्हणून घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीचाच आग्रह धरा.