पावसाळी सहलीची सॅक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

आजीला आणि घरातल्या पोरांना घेऊन पावसात बाहेर पडायचं ठरवलंयस आणि सॅक भरायचं काम तुझ्याकडे आलंय. कान्हेरी असो की माथेरान, वस्तू ओल्या हाताने, घाईत, न शोधता मिळाली पाहिजे. त्याच हिशेबाने भर.

मोठी सॅक 30 लिटरची पुरे. वरच्या रेनकव्हरवर विसंबू नकोस. पाठीकडची बाजू उघडीच राहते, पाणी पाठीवरून ओघळत आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाल, तोंडाला पीळ देऊन दुमड. तळाशी प्रत्येकाचा कपड्यांचा एक कोरडा जोड, प्यायचं पाणी पाठीला लागून, टॉर्च आणि औषधं वरच्या कप्प्यात. खाऊची पिशवी कुणाच्या हातात नको. दोन्हीकडची माकडं आधी तीच हेरतात.

सॅकच्याही आधी सगळ्यांचे बूट काढून बघ. मुंबईच्या दमट हवेत वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा सोल वरून धड दिसतो, पण आतला फोम हवेतल्या ओलाव्याने कुजलेला असतो. अंगठ्याने कडेला दाब. भुगा निघाला किंवा फट पडली तर तो जोड घरीच ठेव. तरीही वाटेत सोल सुटलाच तर चार केबल टाय लागतील. टाय बुटाच्या पुढच्या भागाभोवती आवळायचे, गाठ वरच्या बाजूला, म्हणजे पायाखाली टोचत नाही.

औषधांचा डबा छोटा असू दे. 10 सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज, गॉजचे तुकडे, कापडी चिकटपट्टी, कात्री, पोव्हिडोन आयोडीनचं मलम. ओल्या त्वचेवर तयार पट्ट्या टिकत नाहीत. आधी पुसून कोरडं करायचं, गॉज ठेवायचं आणि वरून बँडेज. जखमेवर थेट कापूस नको, तंतू चिकटतात. मुरगळलेल्या पायाला बँडेज बोटांकडून वर गुंडाळत जा. बोटं निळी पडली, गार लागली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल कर.

ओआरएसची एक लिटरची चार पाकिटं घे आणि बरोबर एक लिटरची बाटली. पाकीट पेल्यात अर्धं अर्धं करून देतात, ते चूक आहे. मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाला त्याचा अपाय होतो. पाकीट पूर्ण, पाणीही पूर्ण लिटरभर, आणि 24 तासांत न संपलेलं ओतून द्यायचं. आजीच्या गोळ्या एक दिवसाच्या जास्त घे, अख्ख्या स्ट्रिपमध्येच. कापलेल्या तुकड्यावर नाव किंवा मुदत राहत नाही. त्यांना मधुमेहाचं औषध चालू असेल तर ग्लुकोज पावडर वरच्याच कप्प्यात हवी.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगडी, पैंजण उतरवून तो हात किंवा पाय हलू न देता दवाखान्यात न्यायचं. 108 आणि 112 हे दोन्ही नंबर कागदावर लिही, सोबत प्रत्येकाची औषधं आणि ॲलर्जी. पेन्सिलने लिही, शाई ओघळते.

टॉर्च डोक्याला लावायची घे, हात मोकळे राहतात. फोनच्या उजेडावर राहू नकोस. बॅटरी त्यातच संपते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ने, म्हणजे सॅकमध्ये ती आपोआप चालू होणार नाही. पोरांच्या गळ्यात शिट्टी, आत मणी नसलेली. हरवलास तर जागचा हलायचं नाही, तीनदा फुंकून थांबायचं, हे त्यांना घरीच शिकव.

दोरी मात्र नेऊ नकोस. दोरी असली की ओढा ओलांडायचा मोह होतो, आणि कमरेला दोरी बांधलेला माणूस पाय निसटला तर प्रवाहात पाण्याखाली दाबला जातो. पाणी गढूळ झालं किंवा काड्याकचरा वाहून यायला लागला की वर पाऊस झालाय असं समज आणि सगळ्यांना लगेच पात्राबाहेर काढ.

आदल्या रात्री सॅक भरून झाली की दिवे बंद कर आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यातून टॉर्च काढायला सांग. त्यांना चाचपडावं लागलं तर पुन्हा भर. परत आलास की त्याच रात्री सेल काढ, सॅक उलटी टांग आणि वापरलेल्या पाकिटांची यादी मेडिकलवाल्याकडे दे.

तुझी,
मावशी