औषध शोधायचं आहे, मग तिसऱ्यांदा नीट कशाला?

प्रश्न: मुलीने दोनदा नीट दिली, दुसऱ्या वेळी 431 गुण मिळाले. त्वचेच्या कर्करोगावर औषध शोधायचं असं ती म्हणते. त्यासाठी आधी एमबीबीएस, मग संशोधन असं आम्ही ठरवलंय. प्रयत्नांना मर्यादा नाही, म्हणून यंदा आम्ही पुन्हा नीट देतोय. पण ती अभ्यास सोडून रेणूंच्या आकृत्या काढत बसते. त्या वह्या मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिचं लक्ष कसं वळवावं?
– एक पालक, लातूर

उत्तर: गुणांचं नंतर बघू. मी अडकलो ते कुलपापाशी. ‘आम्ही नीट देतोय’ असं तुम्ही लिहिता, पण पेपरला ती एकटी बसते. मोबाइल काढून घेणारे पालक मला रोज भेटतात. रसायनशास्त्र काढून घेणारे तुम्ही पहिलेच. कर्करोगावर औषध शोधू म्हणणारी मुलगी रेणू काढत असेल, तर ती अभ्यास सोडून बसलेली नाही, करतेच आहे. वह्या आजच परत द्या. आणि प्रयत्नांना मर्यादा नाही हे खरं, पण मुलीच्या उमेदीच्या वर्षांना आहे.

आता तुमचा गैरसमज. औषध डॉक्टर शोधतात, असं तुम्ही धरून चाललात. मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोगांपैकी एक. 2002 साली ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या पेशींतली जनुकं वाचणाऱ्या गटाला दिसलं, की बऱ्याच मेलानोमांत बी-राफ नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं. त्यातलं 600व्या जागेचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि ‘वाढा, वाढा’ हा पेशीला जाणारा निरोप थांबतच नाही. साधारण निम्म्या रुग्णांत या प्रथिनाचा बिघाड सापडतो. मग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्लेक्सिकॉन या छोट्या कंपनीने सुमारे 20,000 लहान रेणू तपासले. जे थोडेफार चिकटले, त्यांचे स्फटिक प्रथिनासोबत वाढवून क्ष-किरणांखाली पाहिले आणि अणू-अणू जोडत नवा रेणू बांधला. खटाटोप एवढ्यासाठी, की चांगल्या प्रथिनांना फार धक्का न लावता बिघडलेल्यालाच धरावं. तेच वेमुराफेनिब. अमेरिकेत त्याला ऑगस्ट 2011 मध्ये मंजुरी मिळाली.

गंमत पुढेच आहे. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत डोस वाढवत नेला तरी गाठी हलेनात. रेणूत खोट नव्हती. स्फटिकरूपातलं औषध रक्तात पुरेसं उतरतच नव्हतं. भुकटीचं रूप बदललं, स्फटिक मोडून अस्फटिक केलं, आणि त्याच रेणूने गाठी वितळायला लागल्या. हे काम औषधनिर्माणशास्त्राचं, म्हणजे ज्या बी.फार्म.ला आपल्याकडे ‘एमबीबीएस नाही मिळालं वाटतं’ असं म्हणतात, त्याचं. डॉक्टर या कथेत नक्की आहेत, रुग्णांवरच्या चाचण्या त्यांच्याशिवाय होतच नाहीत. पण तुमची मुलगी वहीत जे करते, ते काम त्यांचं नव्हे.

वाटा तुम्हाला सापडतील: एमएचटी-सीईटीतून बी.फार्म., पुढे जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा) किंवा नायपर (औषधनिर्माणाची राष्ट्रीय संस्था). नाहीतर आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, किंवा साधं रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. यातल्या एकाही वाटेला नीट लागत नाही.

तिलाही खरं सांगा. पीएच.डी. धरून नऊ-दहा वर्षं जातात आणि पैसा उशिरा येतो. बहुतेक रेणू प्रयोगशाळेतच मरतात. अख्खी नोकरी सरली तरी आपला एकही रेणू रुग्णापर्यंत पोचला नाही, असं पुष्कळांचं होतं. वेमुराफेनिब रुग्णांपर्यंत पोचलं, पण तेही पुरलं नाही: बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी कर्करोगाने दुसरी वाट काढली. काहींच्या बी-राफ न बिघडलेल्या पेशींत तर औषधाने तोच निरोप उलट जोरात चालू केला आणि त्वचेवर वेगळ्या प्रकारच्या गाठी आल्या. म्हणून नंतर दुसरं औषध जोडीला द्यावं लागलं. शिवाय मेलानोमा आपल्याकडे कमीच आढळतो. इथे राहून ती बहुधा दुसऱ्याच कर्करोगावर काम करेल. पद्धत मात्र हीच.

हे सगळं ऐकूनही तिला डॉक्टरच व्हायचं असेल, तर तिसरा प्रयत्न जरूर करा. पण तिला काय हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही लिहिलेलं. पुढचं पत्र तिला लिहू द्या. टपालात टाकण्याआधी वाचू नका.