पानगळीच्या दिवसांत चार वर्षांचं मूल आणि सासूबाईंना घेऊन शहरातलं बोटॅनिकल गार्डन तीन तासांत पूर्ण बघून होतं का?

नाही होत, आणि व्हायची गरजही नाही. तुमच्या प्रश्नातला ‘पूर्ण’ हा शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

याच शब्दावरून दादाची आणि माझी तीन वर्षं धुसफूस चालू आहे. आम्हीही पानगळीतच गेलो होतो: आई, दादा, मी आणि माझी सहा वर्षांची लेक. दादाने गेटवरच नकाशा घेतला आणि खुणा करत सुटला. काचघर झालं, कॅक्टस झाले, बांबू झाले. अर्ध्या तासात आईचे गुडघे बोलायला लागले. ती गिंको नावाच्या एका झाडाखालच्या बाकावर बसली, तिच्याजवळ लेक, मग मीही. सव्वा तास आम्ही तिथून हललो नाही.

झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिवळंधमक. गिंको एकदा गळायला लागला की बऱ्याचदा दोन-चार दिवसांत रिकामा होतो, आणि आम्ही नेमके त्यात सापडलो होतो. वारा नसतानाही पानं पडत होती. पाटीवरच्या नावातलं ‘बायलोबा’ म्हणजे दोन पाळ्यांचं, एवढं सांगितल्यावर लेकीने वीसेक पानं पाटीपाशी नेऊन ताडून पाहिली. काहींना मधली चीरच नव्हती. हे नाव लिनीयस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये ठेवलं म्हटल्यावर, “त्याला चीर नसलेलं पान मिळालंच नसेल,” असं तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात आईने हाताशी आलेली फांदी खाली ओढली. फांदीवर पेराएवढा आखूड खुंट, त्याच्या टोकाला पानांचा झुबका, आणि मधोमध घट्ट मिटलेला तपकिरी डोळा. “बघ, ही पानं अजून पडलीही नाहीत आणि पुढच्या वर्षीचा डोळा तयार आहे,” आई म्हणाली. देठाच्या बुडाशी झाड स्वतःच थर तयार करतं आणि तिथून पान सुटतं, हे मी शाळेत शिकले होते. पण पाहिलं त्या दिवशी. पिवळा रंगही नवा येत नाही, हरितद्रव्य सरलं की आधीचाच दिसायला लागतो.

दादा परत आला आणि म्हणाला, “तुम्ही काहीच पाहिलं नाहीत.” अजूनही चारचौघांत तेच ऐकवतो. दादा, इटलीतल्या पादुआचं १५४५ सालचं बोटॅनिकल गार्डन विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती नीट ओळखता याव्यात म्हणून उभारलं होतं. एकेका झाडापाशी थांबणं हेच तिथलं काम होतं. खुणा तू केल्यास, पण त्यातलं एक तरी पान तुला आज आठवतं का?

तर तुम्ही आधी सासूबाईंना बाक निवडू द्या आणि त्याच्या आसपासची दोन-तीन झाडं बघा. लाल पानांचं एक झाड त्यात असू द्या. तो लाल रंग मात्र बहुतेक झाडं पानगळीच्या तोंडावर नव्याने तयार करतात.

हो, मादी गिंकोखाली बसू नका. पडलेल्या बियांच्या गराला उग्र घाण येते आणि हाताला लागला तर पुरळ उठू शकतं. यू नावाच्या झाडाची लालचुटूक फळं मुलाच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा, आतली बी विषारी असते. ओल्या पानांवरून पाय सटकतो, सासूबाईंचा हात धरा. आणि पाऊस आला तर काचघरात जा, तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे.