गोळी घेऊनही घशाशी आंबट पाणी येतं

प्रश्न : वय ४६. द्राक्षबागेचं काम असल्यानं रात्रीचं जेवण साडेदहाला होतं आणि जेवून लगेच आडवा होतो. मध्यरात्री आंबट पाणी घशाशी येतं, छातीत जळजळतं. वर्षभर रोज रात्री जेवणानंतर पॅन्टोप्राझोल घेतोय, पण गुण नाही. कंबरेसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतो. मिश्रीही लावतो.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : गोळी योग्य आहे, तुमची घ्यायची वेळ चुकतेय. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी अन्न पोटात गेलं की जोरात कामाला लागतात. त्या वेळी औषध रक्तात हजर असेल तरच त्यांना आवर बसतो. म्हणून ही गोळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. ती चावू नका, तिचे तुकडेही करू नका. पहिल्याच दिवशी फरक दिसणार नाही, पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. तुमचा त्रास रात्रीचा आहे, तेव्हा सकाळऐवजी रात्रीच्या जेवणाआधी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. ते सैल पडलं की आम्ल वर चढतं. भरल्या पोटी आडवं झाल्यावर तर त्याला चढ राहतच नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. बागेतून यायला उशीर होत असेल, तर सातच्या सुमारास तिथंच भाकरी-भाजी खा आणि घरी आल्यावर हलकं काहीतरी घ्या. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की सहा इंचांचा उतार मिळतो. उशीवर उशी रचून तो मिळत नाही. उलट पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. मिश्री सोडाच, तंबाखूनं ते कडं आणखी सैल पडतं.

डायक्लोफेनॅकची मात्र खरी काळजी वाटते. जठराच्या अस्तराचं रक्षण करणारा घटकच ही गोळी कमी करते, आणि तेही रक्तातून. त्यामुळं 'जेवून घेतली, म्हणजे काही होत नाही' ही समजूत खोटी आहे. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली तर आत रक्तस्राव होतोय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट होत नाही.) वर्षभर स्वतःच्या मनानं गोळी चाललीय, तेव्हा एकदा दुर्बिणीची तपासणी करायची का, हेही विचारून घ्या. अल्सरमागं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असू शकतो. त्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तो सापडला तर डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकांचा कोर्स पूर्णच करावा लागतो.

आणि एक. चढ चढताना छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, तर 'पित्तच असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. आधी ईसीजी काढा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला जुलाब होतात. ओआरएसची पुडी थोडी थोडी कपात कालवून देते, पण तो उलटी करतो.
– एक आई, सांगली

उत्तर : थोडी थोडी पुडी कालवू नका. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलिलिटरची. पुडीवर लिहिलेलं वाचा आणि अख्खी पुडी तेवढ्याच पाण्यात घाला. कपातलं पाणी घट्ट झालं, की जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात, मीठही जास्त जातं. तयार पाणी २४ तासांत संपवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच, पोह्यांचा नव्हे.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर पोटात जायला हवं. झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका. मऊ भात, वरण, ताक, केळं चालू ठेवा, उपाशी ठेवू नका. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नका.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश बसली, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखान्यात न्या. कृष्णेचा पूर ओसरल्यावर तर प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर उकळूच द्या.

प्रश्न : वय ६२. दोन महिन्यांपासून बद्धकोष्ठ, अधूनमधून रक्त पडतं. मूळव्याधच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : असेलही, पण तपासल्याशिवाय तसं म्हणू नका. या वयात शौचाची सवय नव्यानं बदलणं आणि रक्त दिसणं, या दोन्हींसाठी मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी लागते, हिमोग्लोबिनही बघतात. ते होईपर्यंत रेचक चूर्ण वाढवत नेऊ नका. तपासणीत काही निघालं नाही, तर रात्री दोन चमचे इसबगोल पाण्यात कालवून लगेच प्या, त्यावर आणखी एक मोठा पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आत घट्ट गोळा होऊन बसतं.