दोघींपैकी 'जैविक आई' कोण?

प्रश्न असा आहे : दोन स्त्रियांच्या जोडप्याबद्दलचा मजकूर मराठीत आणायचा आहे. एकीच्या स्त्रीबीजाचं प्रयोगशाळेत दात्याच्या शुक्राणूंशी फलन केलं आणि तयार झालेला गर्भ दुसरीच्या गर्भाशयात सोडला. मग पहिलीला 'जैविक आई' आणि दुसरीला 'सरोगेट' म्हणायचं का?

नाही. 'सरोगेट' तर त्या बाईच्या जिव्हारी लागेल. सरोगसीत मूल दुसऱ्या कुणासाठी पोटात वाढवून जन्मल्यावर त्यांच्या हवाली केलं जातं. इथली बाळंतीण बाळ कुणाच्याच हवाली करत नाही.

'जैविक'चा घोळ अधिक खोल आहे. आपण तो शब्द सर्रास 'जनुकीय' या अर्थाने वापरतो. जनुकं पहिलीची, हे खरंच. पण बाळाची नाळ जुळते दुसरीशी. वारेतून प्राणवायू आणि पोषण मिळतं ते तिच्या रक्तातून, आणि गर्भाच्या काही पेशी तिच्या शरीरात पुढे कित्येक वर्षं राहू शकतात. हे जैविक नाही तर काय आहे? म्हणून वेगळेपण दाखवायचंच असेल तिथे पहिलीला 'जनुकीय आई' आणि दुसरीला 'जन्मदात्री' म्हणावं. 'जैविक' दोघींनाही लागू आहे.

'बीजदान' हा शब्दही मी इथे वापरणार नाही. दान म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सोडणं. कॅलिफोर्नियातला एक खटला याच मुद्द्यावर लढला गेला. एकीने आपल्या जोडीदारणीला बीजं दिली आणि दात्यांसाठीच्या छापील फॉर्मवर सही केली. १९९५ मध्ये जुळं झालं. पुढे दोघी विभक्त झाल्यावर त्या सहीच्या आधारे बीजं देणारी फक्त दात्री होती, आई नव्हे, असा दावा झाला. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोघीही आई असल्याचा निकाल दिला. एका शब्दापायी केवढी ओढाताण! म्हणून साधं 'बीज दिलं' म्हणावं.

या उपचाराच्या 'रेसिप्रोकल आयव्हीएफ' या इंग्रजी नावावरून 'परस्पर आयव्हीएफ' करण्याचा मोह होईल, पण मराठीत 'परस्पर' म्हटलं की कुणाला न विचारता उरकल्याचा वास येतो. शिवाय एका खेपेत एक देते, दुसरी घेते. देवाणघेवाण अशी नसतेच. स्पेनमध्ये याला 'रोपा' म्हणतात. ती 'जोडीदाराचं बीज स्वीकारणं' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांची आद्याक्षरं आहेत. हे नाव मला जास्त नेमकं वाटतं, आणि आपल्या 'रोपणा'शी त्याचा नाद योगायोगाने जुळतो.

मुलाबद्दल लिहिताना एक खबरदारी घ्या. 'त्याला दोन आया आहेत' हे व्याकरणात बसतं, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलं सांभाळणारी आया येते. 'त्याच्या दोघी आई' असं लिहा. भारदस्त विशेषण हवं असेल तर 'द्वैमातुर' आहेच. दोन माता असलेला तो द्वैमातुर. अमरकोशात ते गणपतीचं नाव आहे.